चित्रातल्या कुत्र्याखाली काय लिहावे?

१८७७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या गिलमोर्स गार्डनमध्ये वेस्टमिन्स्टर केनेल क्लबने आपले पहिले श्वानप्रदर्शन भरवले. बाराशेच्या वर कुत्री आली होती. गर्दी इतकी लोटली की तीन दिवसांचे प्रदर्शन चौथ्या दिवशीही चालू ठेवावे लागले. त्या जादा दिवसाची कमाई प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये काढलेल्या संस्थेला देण्यात आली. त्याच वर्षी ५ जुलैला, त्याच शहरात, ईस्ट रिव्हरच्या काठी पालिकेच्या माणसांनी भटकी कुत्री लोखंडी पिंजऱ्यात कोंबली, यारीने पिंजरा नदीत सोडला, दहाएक मिनिटे पाण्याखाली धरला, वर काढून रिकामा केला आणि पुन्हा भरला. दिवसभरात सातशेहून जास्त कुत्री अशी बुडवली गेली.

मधे दोन महिनेसुद्धा गेले नव्हते. मे महिन्यातल्या कुत्र्यांना नावे होती, मालक होते, त्यांच्या आईबापांचे खानदान होते. जुलैमधल्या कुत्र्यांची फक्त मोजदाद झाली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात काढलेली कुत्र्यांची व्यक्तिचित्रे बघताना या दोन तारखा मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण जी कुत्री रंगवली गेली ती सगळी पहिल्या रांगेतली आहेत. कुत्रा या प्राण्यावर त्या समाजाचे किती प्रेम होते याचा पुरावा म्हणून ही चित्रे दाखवली जातात. मला तो पुरावा अपुरा वाटतो. प्रेम त्यांत आहेच, नाकारायचे कारण नाही. पण त्याआधी ती मालकीची चित्रे आहेत. कोणाचे, केवढ्याचे, कोणत्या वंशाचे, कशासाठी पाळलेले, हे सांगण्यासाठी पैसे मोजून काढून घेतलेली. आणि ज्या संग्रहालयांत ती टांगली जातात, त्यांनी चित्राखालच्या पाटीवर प्रेमाइतकीच मालकीही लिहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न चार कलारसिकांपुरता नाही. अमेरिकन केनेल क्लबचे एक वेगळे श्वानसंग्रहालय आहे. ते १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, १९८७ मध्ये सेंट लुईसच्या एका उद्यानातल्या जुन्या वाड्यात गेले आणि २०१९ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला, पार्क अव्हेन्यूवर आले. शिकारी कुत्र्यांची, प्रदर्शनातल्या विजेत्यांची चित्रे बघायला लोक तिथे जातात. उरलेली चित्रे खासगी घरांत असतात, आणि वेस्टमिन्स्टरच्या प्रदर्शनाचा मोसम आला की त्याच सुमारास न्यूयॉर्कची लिलावगृहे श्वानचित्रांचे खास लिलाव लावत आली आहेत. म्हणजे या चित्रांची निगा कोण ठेवते, तर कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था आणि जात बघून चित्र घेणारे गिऱ्हाईक. त्यांनी ती जपली याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. त्यांच्यावाचून निम्मी अडगळीत गेली असती. मात्र जातीच्या नोंदवहीतून बघितलेले चित्र त्या नोंदवहीबद्दल प्रश्न विचारू शकत नाही. तो विचारायला सार्वजनिक कलासंग्रहालय लागते.

सुरुवात शतकाच्या आरंभापासून करू. त्या काळात गावोगाव फिरून लोकांची व्यक्तिचित्रे काढणारे चित्रकार होते. ॲमी फिलिप्स हा त्यांतला मोठा. १८३० ते १८३५ च्या दरम्यान त्याने लाल झग्यातली एक मुलगी रंगवली. तिच्या कुशीत पांढरी मांजर, पायाशी कुत्रा. चित्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला संग्रहालयात आहे आणि इतके लाडके आहे की टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. या कुत्र्याला स्वतःचा चेहरा म्हणावा तर नाही. फिलिप्सने मुलांच्या आणखी काही चित्रांत तोच लाल पोशाख वापरला आणि कुत्राही जवळजवळ तोच. घरात कुत्रा होता की नव्हता कोण जाणे. चित्रात असला म्हणजे घर भरल्यासारखे दिसायचे.

त्याच्याही आधीचे, १८०७ च्या सुमाराचे एक चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. वेस्टवुड घराण्याची तीन मुले, तिघांच्या अंगात एकसारखे हिरवे पोशाख, आणि बाजूला एक काळा कुत्रा, तोंडात पक्षी धरलेला. चित्रकार बाल्टिमोरचा जोशुआ जॉन्सन. त्याची आई गुलाम होती, म्हणून जन्मतः तोही गुलाम. १७६४ मध्ये त्याच्या गोऱ्या बापाने त्याला पंचवीस पौंडांना विकत घेतले, त्याचे विक्रीखत आजही उपलब्ध आहे. १७८२ मध्ये तो मुक्त झाला, आणि पुढे पोटासाठी बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांची, जहाजवाल्यांची कुटुंबे रंगवू लागला. ज्याची स्वतःची खरेदी कागदावर झाली होती, तो माणूस दुसऱ्याच्या घरची मुले आणि कुत्रा ऐपतीची खूण म्हणून रंगवतो आहे. हे माहीत झाल्यावर मला ते चित्र पूर्वीसारखे बघता येत नाही. आणि माहीत नसलेल्या प्रेक्षकाला ते कोणी तरी सांगायला हवे, एवढेच माझे मागणे आहे.

कुत्र्याला स्वतःचा चेहरा मिळाला तो शतकाच्या मध्याला, आणि त्यात इंग्लंडच्या एडविन लँडसीयरचा हात मोठा. व्हिक्टोरिया राणीचा हा आवडता चित्रकार. १८३८ मध्ये त्याने धक्क्यावर बसलेल्या काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंड कुत्र्याचे चित्र प्रदर्शनात मांडले, बुडणाऱ्यांना वाचवणारा म्हणून. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती बोटीने अमेरिकेत पोचले आणि तिथल्या दिवाणखान्यांत लागल्या. १८५० मध्ये लिव्हरपूलकडचा आर्थर टेट न्यूयॉर्कला आला. त्याच्या शिकारीच्या चित्रांवरून करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्याने शिळाछाप चित्रे काढली, जी काही सेंटांपासून तीनएक डॉलरपर्यंत मिळत. जेम्स हेन्री बीअर्ड हा तर आधी जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यासारख्या राजकारण्यांची व्यक्तिचित्रे काढणारा. पुढे तो कुत्र्यामांजरांकडे वळला. मॅसॅच्युसेट्सचा टॉमस हिंकली आयुष्यभर गुरे आणि कुत्रीच रंगवत राहिला. यांच्या एकेका चित्रावर थांबायची ही जागा नव्हे.

थांबायचे ते जॉन मार्टिन ट्रेसीपाशी. हा ओहायोचा, यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला, पॅरिसला शिकून आलेला. १८९३ मध्ये, पन्नाशीतच वारला. पॉइंटर आणि सेटर या जातींची कुत्री त्याने जशी रंगवली तशी त्या देशात त्याच्याआधी कोणी रंगवली नव्हती. या कुत्र्यांचे काम असे: गवतात लपलेला लावा पक्षी वासावरून हेरायचा आणि त्याच्यावर झडप न घालता जागच्या जागी गोठून उभे राहायचे, म्हणजे बंदूकवाल्याला दिशा कळते. एक कुत्रे असे थिजले की मागून येणाऱ्या जोडीदाराने पक्ष्याचा वास आलेला नसला तरी केवळ पहिल्याला बघून थांबायचे. ट्रेसीच्या चित्रात हे दोघे वेगवेगळे ओळखू येतात. पुढच्याचे नाक किंचित वर, शेपूट ताठ, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, डोळे कशावरही नाहीत कारण त्याचे सगळे लक्ष नाकात आहे. मागच्याची मान खाली, वजन मागच्या पायांवर, आणि नजर सरळ जोडीदारावर. वास चित्रात काढता येत नाही. ट्रेसीने तो दोन कुत्र्यांच्या अंगातल्या ताणातून काढला. ज्यांना ही चित्रे कॅलेंडरची वाटतात त्यांनी एकदा त्या दोन मानांमधला फरक निरखून बघावा. हे काम बघितलेल्या माणसाने, डोळ्यांत तेल घालून बघून, काढले आहे.

अशी कौशल्याची चित्रे कोणाच्या पैशावर निघाली? अमेरिकेतली पहिली मैदानी शिकारी-कुत्र्यांची स्पर्धा १८७४ मध्ये टेनेसीतल्या मेम्फिसजवळ झाली. १८८४ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाला आणि कोणाचा बाप कोण याची वंशावळ पक्की लिहिली जाऊ लागली. जिंकलेल्या कुत्र्याची किंमत वाढली, त्याच्या पिल्लांची वाढली, आणि त्याचे चित्र काढून घेणे हा त्या व्यवहाराचाच भाग झाला. कातडीवरचे ठिपके, डोक्याची ठेवण, छातीची खोली चित्रात बिनचूक यावी लागे. मालकाला ती दाखवायची असे. जर्मनीत जन्मलेला, ओहायोतल्या टोलीडो शहरात स्थायिक झालेला एडमंड ऑस्टहाउस याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेल्या कुत्र्यांची एक मालिकाच रंगवली. पहिले अजिंक्यपद १८९६ चे, कुत्र्याचे नाव काउंट ग्लॅडस्टन चौथा. ती मालिका काढून घेतली होती ड्यू पाँ कंपनीने. ही कंपनी तेव्हा बंदुकीची दारू बनवत असे. कुत्र्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापून घरोघर गेली, आणि त्यांच्याबरोबर बंदुकीच्या दारूची जाहिरातही गेली.

आपल्या वाचकांना हे नवलाचे वाटू नये. एचएमव्हीच्या तबकडीवर बसून कर्ण्यात कान लावणारा कुत्रा आपल्याकडच्या किती तरी घरांत नाट्यगीतांबरोबर आला. तोही एका व्यक्तिचित्रातूनच आलेला आहे. त्याचे नाव निपर. इंग्लंडच्या फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराने आपल्या दिवंगत भावाचा हा कुत्रा, तो मेल्यानंतर, सिलिंडरवर वाजणाऱ्या यंत्रासमोर बसवून रंगवला. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतले ते या अटीवर, की जुने यंत्र खोडून तिथे कंपनीचा ग्रामोफोन काढायचा. लवकरच अमेरिकेतल्या कॅम्डेनच्या व्हिक्टर कंपनीनेही तोच कुत्रा घेतला. यंत्र बदलले, कुत्रा तसाच राहिला. घरातल्या एका मुक्या सोबत्याची आठवण बघता बघता मालाचा शिक्का झाली, आणि त्याचे नाव मागे पडले.

कायद्याकडे वळलो तर हीच ओढाताण तिथेही दिसते. लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये सेंटेल नावाच्या गृहस्थांची न्यूफाउंडलंड कुत्री, काउंटेस लोना, शहरातल्या एका रेल्वे कंपनीच्या गाडीखाली मेली. कुत्री नोंदणीकृत होती, ज्यूरीने भरपाई अडीचशे डॉलर ठरवली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८९७ मध्ये निकाल लागला तो मालकाच्या विरुद्ध. लुइझियानाच्या कायद्याप्रमाणे करासाठीच्या मालमत्तेच्या यादीत ज्या कुत्र्याचे नाव नाही त्याला कायद्याचे संरक्षण नाही, आणि काउंटेस लोना त्या यादीत नव्हती. न्यायालय म्हणाले, कुत्र्यावरची मालकी ही गाईघोड्यांवरच्या मालकीसारखी पुरी मालकी नव्हे, अर्धीमुर्धी आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्ज ब्राउन. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात आगगाडीच्या डब्यांत गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे बसवणे घटनेत बसते, असा निकाल याच न्यायमूर्तींनी लिहिला होता. तोही खटला लुइझियानाचाच. कोण कोणत्या यादीत, कोणाला कोणत्या डब्यात जागा, हे ठरवणारे हात तेच होते. अशा काळात वंशावळ सांगणारे, अंगावरचा एकेक ठिपका जसाच्या तसा टिपणारे चित्र निव्वळ आवडीतून निघाले असे मला म्हणवत नाही.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती याच शतकातली आणि याच प्रश्नाची आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम वाढवली, प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होते. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, इतर समाजही सामील झाले, दुकाने बंद पडली, फलटण बोलवावी लागली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. तो अजून आहे. ते लोक ज्या कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरले ती कोणाचीच नव्हती, त्यांना नाव नव्हते, त्यांचे कोणी चित्र काढले नव्हते. मालक नसलेल्या जिवाबद्दलही आपल्याला काही कर्तव्य आहे, हे मानायला चित्राची गरज लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र पालिकेचा कोंडवाडा बर्ग यांच्या संस्थेकडे येण्यासाठी १८९४ साल उजाडावे लागले. बुडवलेल्या कुत्र्याचे व्यक्तिचित्र कुठल्याही दालनात नाही. त्याची ही अनुपस्थिती पाटीवर दोन ओळींत नोंदवता येते, आणि नोंदवली पाहिजे.

आता ज्या चित्रात मालकी आणि माया एकमेकांत अशी गुंतली आहे की सोडवता येत नाही, त्या चित्राकडे येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात टॉमस इकिन्स या अमेरिकन चित्रकाराचे एक चित्र आहे, १८८४ ते १८८९ च्या दरम्यान केलेले. अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेले आपल्याकडचे पुष्कळ लोक या संग्रहालयात एक दिवस काढतात. त्यांनी हे चित्र शोधून बघावे. फिक्या निळ्या झग्यात एक स्त्री खुर्चीत बसली आहे. मांडीवर जपानी चित्रांचे उघडे पुस्तक, झग्याखाली लाल मोजा दिसतो आहे. खांदे किंचित पडलेले, डोळ्यांत थकवा. पायाशी गालिच्यावर तांबूस सेटर आडवा पसरला आहे. तो झोपलेला नाही, मान वर आहे, आणि तोही आपल्याकडेच बघतो आहे. अंगावरचे लांब केस गालिच्याच्या रंगात मिसळतात, तरी त्याचे वजन जमिनीवर पडलेले जाणवते. खोलीतली शांतता जितकी त्या स्त्रीची आहे तितकीच त्याची. त्याने कुठला पक्षी दाखवलेला नाही, कुठला चषक जिंकलेला नाही, त्याच्या जातीची कुठली खूण प्रेक्षकासमोर मिरवलेली नाही. तो त्या घरात राहतो, एवढेच.

या कुत्र्याचे नाव हॅरी. इकिन्सच्या १८८५ च्या पोहणाऱ्यांच्या प्रसिद्ध चित्रातही तो आहे. पाण्यात डोके वर काढून पोहतो आहे, आणि त्याच पाण्यात एका कोपऱ्यात इकिन्सही. धनी आणि कुत्रा दोघेही पाण्यात आहेत, कोणी कोणाच्या पायाशी नाही. शतकभरातल्या श्वानचित्रांत मला सर्वांत समतेचे वाटते ते हे.

आणि तरी पहिल्या चित्राचे शीर्षक बघा: ‘चित्रकाराची पत्नी आणि त्याचा सेटर कुत्रा’. दोघांचीही ओळख तिसऱ्याच्या नात्याने. ती स्त्री सुझन मॅकडॉवेल, स्वतः चित्रकार. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ललित कला अकादमीत तिने पारितोषिक मिळवले होते. शीर्षकात ना सुझन आहे ना हॅरी. चित्रात दोघेही पूर्ण व्यक्ती आहेत, शीर्षकात दोघेही कोणाची तरी आहेत. चित्रकाराने ब्रशने जे दिले ते शीर्षकाने काढून घेतले. म्हणून पाटी महत्त्वाची. प्रेक्षक आधी पाटी वाचतो आणि मग तिच्यात सांगितलेलेच बघतो.

याच इकिन्सने १८७६ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीचे एक चित्र काढले, ते येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. त्यात कुत्रा नाही. एका नावेत दोन माणसे आहेत: एक गोरा बंदूक रोखून उभा, दुसरा काळा, लांब बांबूने नाव तोलून धरणारा. त्याने नाव स्थिर धरली नाही तर नेम लागायचाच नाही. शीर्षकात गोऱ्याचे नाव आणि आडनाव दोन्ही आहे, विल शूस्टर. दुसरा नुसता ‘काळा माणूस’. कुत्र्यांची नावे पाटीवर लिहा म्हटले की मला विचारले जाते: जिथे माणसांची नावे लिहिली गेली नाहीत तिथे कुत्र्यांच्या नावांसाठी कशाला जीव काढता? या आक्षेपात वजन आहे, तो मी बाजूला सारत नाही. पण त्यातून निघणारा मार्ग उलट्या दिशेचा आहे. अजिंक्य कुत्र्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, त्याच्या मालकाचे नाव नोंदलेले असते आणि त्याला रोज खाऊ घालून शिकवणाऱ्या, दक्षिणेत बहुधा काळ्या, चाकराचे नसते, ही गोष्ट पाटीवर आली तरच दिसेल. कुत्र्याचेही नाव गाळून बरोबरी साधली तर दोन्ही अन्याय एकदम झाकले जातात. ‘या माणसाचे नाव नोंदलेले नाही’ हे वाक्य पाटीवर लिहिता येते. त्याला जागा फार लागत नाही.

यापुढची गोष्ट जास्त अवघड आहे. कुत्रा माणसावर सोडला जात होता, तीही शिकारच होती. १८४० मध्ये फ्लोरिडात सेमिनोल या मूळ रहिवाशांविरुद्धच्या युद्धात वापरण्यासाठी क्यूबाहून वासावरून माग काढणारे तेहतीस ब्लडहाउंड कुत्रे विकत आणले होते. पळालेल्या गुलामांच्या मागावर कुत्री सोडणे हा दक्षिणेत धंदा होता. पुढे पश्चिमेकडच्या डोंगरदऱ्यांच्या चित्रांसाठी गाजलेला टॉमस मोरन याने यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या डिस्मल दलदलीतला असा पाठलाग रंगवला. घनदाट झाडी, हिरवट काळे पाणी, त्यात कंबरभर उतरलेले पळणारे कुटुंब आणि मागून येणारी कुत्री. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात फिलब्रुक संग्रहालयात ते आहे. माणसे त्यात लहान दिसतात, झाडे अंगावर येतात. कुत्र्यांना चेहरे नाहीत. पळणाऱ्याला कुत्र्याचा चेहरा बघायला सवड नसते.

श्वानचित्रांच्या एखाद्या प्रदर्शनात मोरनचे हे चित्र ट्रेसीच्या सेटरांशेजारी लावा, असे मी म्हणतो तेव्हा काही मित्र नाराज होतात. त्यांचे म्हणणे, लोक लेकराबाळांना घेऊन कुत्र्यांची चित्रे बघायला येतात, तिथे गुलामगिरी कशाला ओढता? ओढण्याचा प्रश्नच नाही. वास घेण्याची जी ताकद, हुकूम पाळण्याची जी शिकवण ट्रेसीने इतक्या कौतुकाने रंगवली, तीच मोरनच्या चित्रात माणसाच्या मागे धावते आहे. कुत्र्याने काही ठरवलेले नाही. ठरवले मालकाने. निष्ठा हा कुत्र्याचा गुण आहे हे शतकभर चित्रांनी सांगितले. ती निष्ठा कोणाच्या कामी आली हे विचारण्याची जबाबदारी आपली. आठदहा वर्षांच्या मुलाला हे समजते. मोठ्यांपेक्षा लवकर समजते, असा माझा समज आहे.

दुसरी नाराजी कलासमीक्षकांची. त्यांना या चित्रांना मुख्य दालनांत जागा देणे म्हणजे बाजारू भावविवशतेला डोक्यावर घेणे वाटते. त्यांना मी चित्रकार विन्स्लो होमर दाखवीन, ज्याला कोणी बाजारू म्हणणार नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दालनात त्याचे १८९२ चे एक चित्र आहे. ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरातले तळे, होडीतून वाकून मेलेल्या हरणाला शिंगांशी धरून दोरी बांधू पाहणारा गरीब पोरगा, आणि पाण्यातून त्यांच्याकडे येणारा कुत्रा, नुसते डोके वर. त्या काळात कुत्र्यांकरवी हरिण हाकलून तळ्यात उतरवायचे आणि तिथे गाठायचे, अशी रीत होती. तिच्यावर तेव्हाच टीका होत होती आणि पुढे ती कायद्याने बंद झाली. पोरगा हरिण जिवंत बुडवतो आहे असे लोकांना वाटले, तेव्हा हरिण मेलेलेच आहे असे होमरला सांगावे लागले. मला त्या चित्रात दिसतात ते दमलेले दोघे, पोरगा आणि कुत्रा. चषक त्यांच्यापैकी कोणालाच मिळणार नाही. होमर मुख्य दालनात आणि ट्रेसी, ऑस्टहाउस केनेल क्लबच्या भिंतीवर, अशी विभागणी केली की कष्टाचा कुत्रा एकीकडे जातो आणि मिरवण्याचा दुसरीकडे, आणि हे दोघे एकाच व्यवस्थेतले आहेत हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. हस्तकौशल्याबद्दल म्हणाल तर ट्रेसीच्या त्या दोन माना कोणत्याही दालनात टिकतील.

हे करायला नवे संशोधन फारसे लागत नाही. कोणत्या कुत्र्याचा मालक कोण, तो कोणत्या स्पर्धेत कोणत्या साली जिंकला, कोणाकडून विकत घेतला, ही माहिती केनेल क्लबच्या वंशावळीच्या छापील वह्यांत आहे. मैदानी स्पर्धांचे निकाल त्या काळच्या शिकारविषयक साप्ताहिकांत आहेत. मालकांचा पैसा कापसाचा की रेल्वेचा की बंदुकीच्या दारूचा, हे शहरांच्या दफ्तरांत आहे. पार्क अव्हेन्यूवरच्या श्वानसंग्रहालयाजवळ स्वतःचे ग्रंथालय आहे आणि मेट्रोपॉलिटन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. एका संस्थेने वह्या उघडाव्यात, दुसरीने भिंत मोकळी करावी. पहिल्या प्रदर्शनासाठी पाच चित्रे पुरतील: जॉन्सनची तीन भावंडे, मोरनची दलदल, ट्रेसीचे दोन सेटर, होमरचा पोरगा आणि ऑस्टहाउसचा एखादा अजिंक्यवीर, त्याच्या छापील पोस्टकार्डासकट. प्रत्येकाखाली कुत्र्याचे नाव, मालकाचे नाव, कुत्र्याला सांभाळणाऱ्याचे नाव, चित्राचे पैसे कोणी दिले ते, आणि यातले जे कुठेच नोंदलेले नाही ते नोंदलेले नाही असे स्पष्ट.